‘तसाच’चा शिक्का

४ फेब्रुवारी

म्हातारी आज सातव्यांदा घरी आली. वरून हवा फाडत येताना नेहमीप्रमाणे तिने दोन बार काढले, कॅन्टीनच्या खिडकीची काच गेली आणि कुणीतरी गरम चहा स्वतःच्या मांडीवर ओतून घेतला. म्हातारी म्हणजे आमचं सगळ्यात जुनं बूस्टर, रॉकेटचा खालचा टप्पा. वीस मजली उंच. माल वर ढकलायचा, उलटं फिरायचं, आगीवर तोल सांभाळत खाली यायचं आणि चार पायांवर उभं राहायचं, हे तिचं काम. उतरली की आमच्या शेडमध्ये आडवी होते, आणि मग तिच्या अंगावरून माझा हात फिरतो. मी सांध्यांची तपासनीस. सव्वीस वर्षं जोडकाम बघतेय.

नव्या बूस्टरला आमच्याकडे कुणी मान देत नाही. ते कोरं. कोरं कधी दगा देईल सांगता येत नाही. सात वेळा आगीतून जाऊन आलेलं ते मुरलेलं.

म्हातारीच्या तळाशी एक पोलादी कडं आहे, आत खोली मावेल एवढं. सगळी इंजिनं त्याला टांगलेली. कड्याच्या अकराव्या सांध्यावर एक डाग आहे. कार्डावर आम्ही डागच लिहितो. ओरखडा असो, खड्डा असो, चीर असो, शब्द एकच, म्हणजे वरच्या मजल्यावरच्या मंडळींची झोप उडत नाही. मागच्या खेपेचा फोटो शेजारी धरला, फरक नव्हता, शिक्का मारला: तसाच.

हा शिक्का माझ्या डोक्यातून निघालाय. पूर्वी डाग न् डाग मोजून लिहायचो, बूस्टर पुन्हा उडवायला चार आठवडे लागायचे. मी म्हटलं, मागच्या खेपेशी ताडून बघा, फरक नसेल तर शिक्का मारा आणि पुढे चला. चार आठवड्यांचे नऊ दिवस झाले. साहेबांनी भर सभेत माझं कौतुक केलं होतं. पहिल्या खेपेला हा डाग तिळाएवढा वाटला होता, आता करंगळीच्या नखापेक्षा मोठा दिसतो. तेव्हा चष्मा नव्हता मला, म्हणून.

आमच्यात एक नवा तपासनीस आलाय. हातात सदानकदा पोलादी पट्टी, त्यामुळे दोन दिवसांत त्याचं नाव फूटपट्टी पडलं. आज मला विचारतो, “ताई, तसाच म्हणजे कसा?”

“मागच्या खेपेसारखा.”

“आणि मागचा?”

“त्याच्या मागच्यासारखा.”

“मग सगळ्यात पहिला कसा होता?”

“तुझ्या तोंडासारखा,” मी म्हटलं. सगळे खो खो हसले. तोही हसला, पण पट्टी काही खिशात गेली नाही.

७ फेब्रुवारी

धाकट्याची निवड झाली! चौघांमध्ये माझा भाऊ. चंद्राला वळसा घालून परत यायचं. माणसं घेऊन जाणारं आमचं पहिलंच उड्डाण, तारीख २५ मार्च, आणि खाली म्हातारी, कारण माणसं मुरलेल्यावरच बसवायची असं वर ठरलंय. फोनवर तो आधी नुसता हसत होता. मग म्हणाला, “ताई, तुझ्या हातून गेलेल्या रॉकेटवर बसतोय. आता मला काय होणार आहे?” मी पाना खांबावर बडवून सगळ्या शेडला बातमी दिली.

बाबा असते तर काय म्हणाले असते? काही नाही, पट्टा काढला असता. धाकटा पाच वर्षांचा असताना दूध सांडलं म्हणून बाबांनी त्याला उचलून कपाटावर आपटलं होतं. मी इस्त्री घेतली आणि त्यांच्या मनगटावर घातली. हाड मोडल्याचा आवाज आला. त्यानंतर त्यांनी त्याला कधी हात लावला नाही. मी पंधरा वर्षांची होते. शंभर वेळा बोलून जे होत नाही ते एका दणक्यात होतं, हे तेव्हापासून मला पाठ आहे.

१२ फेब्रुवारी

धाकट्याकडे जेवायला गेले होते. शर्ट बदलताना त्याची पाठ दिसली. मानेपासून कमरेपर्यंत लाल ठिपके, घामोळं उठल्यासारखे. डोळ्यांतलं पांढरं पार लाल. त्यांना लोखंडी हाताच्या टोकाला बांधून गरगर फिरवतात, माणसाचं वजन नऊपट होईपर्यंत. त्या यंत्राला ते झोपाळा म्हणतात. अंगातल्या बारीक नसा फुटतात म्हणे. त्याची सहा वर्षांची लेक, आमची चिमणी, मला कोपऱ्यात नेऊन विचारते, “आत्या, बाबांना कुणी मारलं?”

जेवताना धाकटा रंगात आला होता. वर ते चौघं ज्या कुपीत बसतात, तिच्या डोक्यावर सुटकेचं छोटं रॉकेट असतं. खाली काही बिनसलं तर ते कुपी उपटून दूर नेतं.

“चाचणीत पुतळ्याची मानच तुटली,” तो हसत म्हणाला. “आता खुर्ची बदललीय.”

“पण बिनसलंय हे त्या रॉकेटला कळायला किती वेळ?” मी विचारलं.

“अर्धा सेकंद.”

“आणि त्याच्याआधीच सगळं फुटलं तर?”

“तर मग खुर्ची बदलल्याचा काही उपयोग नाही.”

भावजयीने वाढायचा डाव पातेल्यात आपटला. भांडी घासताना मला म्हणाली, “ताई, खालचं सगळं तुम्ही बघता ना?” मी म्हटलं, मीच बघते. तेव्हा कुठे तिच्या खांद्यातला ताठा गेला.

१८ फेब्रुवारी

आज टाकी फोडली. मुद्दाम. नव्या घडणीची टाकी मैदानात उभी करायची, गोठवणारा द्रव भरायचा आणि दाब वाढवत राहायचं, कुठवर सोसते ते बघायला. मला हा दिवस फार आवडतो. आधी ती कण्हते. मग पांढरी वाफ, आणि एकदम कानाखाली वाजवल्यासारखा आवाज. बोटभर जाड पोलादाची सालपटं निघाली. एक तुकडा दीडशे पावलांवरच्या कुंपणातून आरपार गेला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मी तर शिट्टी मारली.

टाकी सांध्यावर फुटलीच नाही, म्हणून मी खूश होते. सांध्याशेजारच्या एका जुन्या ओरखड्यापासून फाटली. फूटपट्टी तो तुकडा घेऊन तासभर उकिडवा बसला होता. मोजत. फुटलेल्या टाकीचं काय मोजायचं? बैल गेला आणि झोपा केला.

२१ फेब्रुवारी

आज हात उचलला. लिहून टाकते, म्हणजे डोकं थंड होईल.

सकाळी म्हातारीचं कार्ड शेवटच्या सहीसाठी उघडलं, तर माझ्या शिक्क्याखाली निळ्या शाईत फूटपट्टीचं अक्षर: ‘ही भेग आहे. भेग तसाच नसते. १४ मि.मी.’

मी त्याला गाठलं. “मला व्याकरण शिकवतोस?”

“नाही ताई. पण डाग तसाच असतो, भेग तशीच. तुमचा शिक्का भेगेवर मारताच येत नाही. आणि ही तशीच पण नाहीये. वाढलेली आहे. तुम्ही एकदा पट्टी लावून—”

“हातच्या काकणाला आरसा कशाला? सव्वीस वर्षं झाली मला.”

“एकदाच लावा,” तो म्हणाला, आणि सगळ्यांसमोर त्याने ती पट्टी माझ्या हातात कोंबली.

पुढचं झटक्यात झालं. मी त्याची कॉलर धरली आणि त्याला हत्यारांच्या मांडणीवर आपटलं. एकदा आपटून थांबायला हवं होतं. दुसऱ्यांदा त्याचं नाक मांडणीच्या कोपऱ्यावर बसलं. कच्ची फांदी मोडल्यासारखा आवाज आला. रक्त त्याच्या शर्टावर, माझ्या मनगटावर, कार्डावर. त्याने हात वर केला नाही. नाक धरून म्हणाला, “चौदा आहे, ताई.” म्हणून मी तिसऱ्यांदा आपटलं. मग लोकांनी सोडवलं.

रक्ताने भरलेलं कार्ड फायलीला कसं लावणार? फाडलं, नवं केलं, शिक्का मारला, सही केली.

साहेबांनी दोघांना बोलावलं. ते हसून म्हणाले, “ताई, तुम्हाला पाठीमागे तोफ म्हणतात ते उगाच नाही. पण आता दोघं एका छपराखाली नकोत. कुणाला हलवू?”

“त्याला,” मी म्हटलं. त्याची बदली उतरण्याच्या मैदानावर झाली. तिथे बूस्टर उतरलं की गाडी घेऊन पहिल्यांदा जवळ जायचं आणि पाय पक्के करायचे. मोकळ्या हवेत डोकं ठिकाणावर येईल त्याचं.

२२ फेब्रुवारी

बोटं सुजलीत. पेन नीट धरता येत नाही.

६ मार्च

सवत पडली. सवत म्हणजे आमचं दुसरं बूस्टर, म्हातारीच्या मागून आलेलं, म्हणून हे नाव. पाचवी खेप होती. माल व्यवस्थित वर पोचला आणि ती परत येत होती. मी शेडच्या दारात उभी होते. आग दिसली, आवाज आला, सगळं नेहमीसारखं. मग तिच्या बुडातून काहीतरी सुटलं. एक अख्खं इंजिन. सवत वाकडी झाली, मैदानाच्या कडेला आडवी आदळली आणि पोटातलं उरलंसुरलं इंधन पेटलं. धक्क्याने मी खाली बसले. शेडचे पत्रे कितीतरी वेळ वाजत राहिले.

सुटलेलं इंजिन मैदानाकडे निघालेल्या गाडीवर पडलं. ड्रायव्हर जागीच गेला, त्याचं काय उरलं ते मी लिहिणार नाही. फूटपट्टी दारातून बाहेर फेकला गेला, पण जळत फेकला गेला. आमच्याकडची माणसं ब्लँकेट घेऊन धावली. मीही धावले. तो रस्त्यावर लोळत होता आणि त्याच्या बुटांचे तळवे वितळून डांबराला चिकटले होते. मी ब्लँकेट टाकून त्याच्यावर आडवी पडले. त्याने मला ओळखलं की नाही माहीत नाही.

संध्याकाळी साहेबांनी सांगितलं, पायाची खीळ उघडली नाही म्हणून पडली. इंजिन आधी सुटलं की आधी आदळली, हे मला आता नीट आठवत नाही. आधी सुटलं असं वाटतं, पण साहेबांनी चित्रफीत बघितलीय. त्यांना जास्त माहीत.

माणसांच्या उड्डाणाची तारीख तीच आहे. साहेबांचं म्हणणं, बूस्टर उतरेपर्यंत माणसं कधीच वर गेलेली असतात. उतरताना पडलं तर त्यांचं काय जातं?

९ मार्च

फूटपट्टी पहाटे गेला.

इस्पितळात त्याची आई होती. बारीक, ताठ बाई, शाळेत गणित शिकवायची म्हणे. माझ्या हातावरच्या पट्ट्या बघून म्हणाली, “तुम्हीच ताई ना? त्याला विझवलंत ते तुम्ही?” मी हो म्हटलं. ती म्हणाली, “तो तुमच्याबद्दल फार सांगायचा. ताईंनी एवढं वाचवलं, ताईंनी तेवढं शोधलं. मला म्हणायचा, मला फक्त त्यांना एकदा पटवून द्यायचंय, मग त्या डोंगर हलवतील.”

मग तिने विचारलं, “मागच्या महिन्यात त्याचं नाक मोडलं होतं. दारावर आपटलो म्हणाला. तुमच्याकडची दारं इतकी जड असतात का हो?”

मी म्हटलं, “असतात.”

१० मार्च

काल दिवसभर त्या पोराचा राग येत होता. मेलेल्या माणसाचा राग करू नये, पण येत होता. दोनदा स्वप्नात आला आणि चौदा चौदा म्हणाला. आज ठरवलं, एकदाच पट्टी लावायची, तो चुकला होता हे डोळ्यांनी बघायचं आणि विषय संपवायचा.

सकाळी म्हातारीच्या बुडाशी चढले. अकरावा सांधा. पट्टी लावली.

चौदा.

मग सांध्याला तेल लावून आत आवाज सोडणारं यंत्र आणलं. भेग वर जेवढी दिसते तेवढीच आत असते असं नाही. वर चौदा, आत एकसष्ट. तीनदा केलं, तीनदा एकसष्ट. कडं तिथे अर्धंअधिक कापलं गेलंय.

मग फायलीच्या तळाशी गेले. शिक्क्याच्या आधीचं, पहिल्या खेपेचं कार्ड. माझंच अक्षर: ‘डाग, २ मि.मी. मर्यादा ४.’ त्याच्यावर सहा कार्डं, सहाही ‘तसाच’. प्रत्येक खेपेला मी खरंच फोटो ताडून बघितला होता. प्रत्येक खेपेला फरक खरंच दिसत नव्हता. खोटं मी एकदाही लिहिलं नाही.

उड्डाणाला पंधरा दिवस. ते कडं फाटलं तर इंजिनं वरच्या टाकीत घुसतील. अर्धा सेकंद लागणार नाही.

१२ मार्च

साहेबांना सगळं सांगितलं. रडले. मी रडले हे बघून त्यांना आधी धक्काच बसला. मग त्यांनी दार लावून घेतलं.

“ताई, धाकटा बसणार आहे म्हणून तुम्हाला भेगा दिसायला लागल्यात. माणूस आहात.”

“साहेब, एकसष्ट आहे.”

“त्या यंत्राला या कड्यासाठी मान्यता नाही. आणि सहा कार्डांवर तुमचा शिक्का आहे. ती सहा खोटी की आज तुम्ही खोट्या?”

मी म्हटलं, दुसऱ्या कुणाला पाठवा. त्यांनी गोटीला पाठवलं. तुळतुळीत टक्कल म्हणून गोटी; दहा वर्षं माझ्या हाताखाली, सरळ माणूस. तो गेला, फोटो ताडून बघितला, परत आला. “ताई, तसाच आहे की.”

कार्डावर प्रश्नच तेवढा असतो: शेवटच्या तपासणीनंतर काही फरक? तो मीच छापून घेतलेला. शेवटच्या तपासणीनंतर म्हातारी उडालेलीच नाही, मग फरक कुठून येणार? गोटीने खरं तेच लिहिलं. मी त्याला धरून गदागदा हलवलं, “पहिल्या कार्डाशी ताडून बघ!” तो घाबरून म्हणाला, “तुम्हीच शिकवलंत ना, मागचं एकच बघायचं?” आपलेच दात, आपलेच ओठ.

चौदा म्हणणारं एक कार्ड होतं. ते मी फाडलं.

साहेबांनी मला सुट्टीवर पाठवलंय. घरचं माणूस जाणार, विश्रांती घ्या म्हणाले. शेडचा पास उद्यापर्यंत परत करायचाय.

१४ मार्च

जाणाऱ्या चौघांना वेगळं ठेवलंय, त्यांना सर्दीसुद्धा व्हायला नको म्हणून. काचेपलीकडे धाकटा, अलीकडे मी, मध्ये फोन. दहा मिनिटं.

मी सांगितलं. एकसष्ट, दोन, चौदा, सगळं. तो ऐकत होता आणि हळूहळू हसायला लागला, लहानपणी मी त्याला झाडावरून उतर म्हणायचे तेव्हा हसायचा तसा.

“ताई, त्या झोपाळ्यात मी अकरा वेळा शुद्ध घालवलीय. बरगडीला तडा गेलाय, डॉक्टरांना सांगितलेलं नाही. आणि तू एक रेघ बघून घाबरलीस?”

“तू आजारी पड. पोट दुखतंय म्हण.”

त्याचं हसू गेलं. “पायलट झालो तेव्हा पण तू हेच म्हणाली होतीस. लग्नाच्या वेळी पण. दर वेळी तुला काहीतरी भयंकर दिसतं.”

“या वेळी खरंच आहे.”

“प्रत्येक वेळी खरंच असतं,” तो म्हणाला आणि फोन ठेवला. दहातली चार मिनिटं उरली होती. तो उठून गेला तरी मी काचेला हात लावून बसले होते.

मला तो हवाय. मला दुसरं काही नको.

पास अजून परत केलेला नाही.

१८ मार्च

डाव्या हाताने लिहितेय. उजव्या बाजूचं गळ्याचं हाड मोडलंय. इस्पितळाची खोली, दाराबाहेर पोलीस.

परवा जेवणाच्या सुट्टीत शेडमध्ये गेले. पहारेकऱ्याने सलाम केला, विचारलं काही नाही. पायांच्या खिळी ठोकायचा मोठा घण भिंतीला टेकलेला असतो, तो उचलला. शेडमध्ये सहासात माणसं डबे उघडून बसली होती. मी म्हातारीच्या बुडाशी चढले तेव्हा गोटीने खालून हाक मारली, “ताई, जेवायला या.”

चांगलं पोलाद घणाला परत फेकतं. हाताला झिणझिण्या येतात, कड्याला साधा पोचा येत नाही. मी पहिला घाव अकराव्या सांध्यावर घातला आणि घण परत आला नाही. भद्द झालं, मडकं फुटल्यासारखं. दुसऱ्या घावाला भेग दोन वीत पळाली. माझ्या डोळ्यांसमोर पळाली.

काम तिथेच झालं होतं. आता ते कडं कुणी उडवू शकलं नसतं, आणि भेग कशी पळाली ते गोटीला बोलावून दाखवता आलं असतं. पण मी थांबले नाही. का, ते मला सांगता येत नाही. तिसरा, चौथा, पाचवा. ओरडत होते म्हणे, काय ते आठवत नाही. गोटी चढून आला, त्याने मला कमरेला धरलं. मी कोपर मारलं, त्याचे दोन दात पडले. सातवा, आठवा. सांध्याचा पार भुगा केला. नवव्याला पहारेकऱ्यांनी ओढलं आणि मी घणासकट दोन पुरुष उंचीवरून खाली आदळले.

पडल्या पडल्या वर बघितलं. कडं उघडं पडलं होतं. मला हसू आलं.

२० मार्च

साहेब आले होते. बसले नाहीत.

“आता सांगा, त्यातली कुठली भेग म्हातारीची आणि कुठली तुमची?”

मीच काय, कुणीच सांगू शकणार नाही. कड्याचे तुकडे भंगारात गेले. उड्डाण पुढे ढकललंय, नवं बूस्टर घेतील, कोरं. बाकी तिघं जातील, धाकट्याच्या जागी दुसरा. ज्याच्या बहिणीने रॉकेट फोडलं त्याला आता कुठल्याच रॉकेटवर बसवणार नाहीत. हे साहेबांनी दोनदा सांगितलं, मला नीट ऐकू जावं म्हणून.

“सवतीचं इंजिन आधी सुटलं होतं, साहेब,” मी म्हटलं. “आता आठवतंय मला.”

ते दाराशी थांबले. “तुमचं आता कोण ऐकणार, ताई?” म्हणाले आणि गेले. त्यांचा चेहरा मात्र उतरला होता.

२३ मार्च

गोटी आला होता. वरचे दोन दात नाहीत, त्यामुळे बोलताना शीळ वाजते. मी माफी मागायला गेले, तर हात हलवून म्हणाला, “राहू द्या.” मग हळूच म्हणाला, “तिसरं जे बूस्टर आहे ना, त्याचं पहिल्या खेपेचं कार्ड कुठल्या कपाटात असेल?”

मी सांगितलं. त्याने तळहातावर लिहून घेतलं.

२५ मार्च

कालपासून जामिनावर घरी आहे.

आज सकाळी धाकटा आला. बेल वाजवली नाही, दार धडधडवलं. मागे भावजय होती, धापा टाकत. तिने त्याला जिन्यात अडवायचा प्रयत्न केला असावा, तिच्या बाहीची शिवण उसवली होती. तो दाढी न केलेला, डोळे अजून लाल.

“दाखव,” तो म्हणाला. “कुठेय ती भेग? कुठल्या कार्डावर लिहिलीयस? एक कागद दाखव मला!”

“नाहीये,” मी म्हटलं.

“नाहीच आहे! कधीच नव्हती! अकरा वर्षं, ताई. अकरा वर्षं मी हाडं मोडून घेतली. तुला मी मोठा झालेलाच नको होतो. तुला तो पाच वर्षांचा हवाय, कपाटाखाली रडणारा!”

“एकसष्ट होती रे.”

तेव्हा त्याने मारलं. आयुष्यात पहिल्यांदा. मोकळ्या पंजाने, पूर्ण ताकदीने. मी भिंतीवर गेले, मोडलेलं हाड कळवळलं, तोंडात रक्ताची चव आली. भावजय किंचाळली. तो स्वतःच्या हाताकडे बघत राहिला, तो हात दुसऱ्याच कुणाचा असावा तसा. मग पुन्हा उचलला. भावजयीने दोन्ही हातांनी त्याचं मनगट धरून ठेवलं.

मी त्याच्या खांद्यावरून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. आज झालं असतं तर उड्डाणाची वेळ दहा चाळीस होती. पहिली दोन मिनिटं कड्यावर सगळ्यात जास्त भार असतो. दहा एकेचाळीस झाले. तो ओरडत होता, मला बहीण नाही, मी मेलो तुझ्यासाठी, चिमणीच्या आसपास फिरकलीस तर बघ. मी काटा बघत राहिले. दहा बेचाळीस झाले. तो माझ्या खोलीत उभा होता, घामाने निथळत, शिरा ताणून, माझ्यावर ओरडत.

मी म्हटलं, ओरड.